ब्रिटनमधील द्विपक्षपद्धती : पक्षसंघटना व नेतृत्व

द्विपक्षपद्धती म्हणजे केवळ दोनच पक्षांचे अस्तित्व नव्हे. अनेक पक्ष निवडणुका लढवीत असले, तरी सरकार बनविण्याची वास्तव शक्यता जेथे दोन पक्षांपुरतीच मर्यादित राहते, तेथे ही पद्धती आहे असे म्हणता येते. विसाव्या शतकातील ब्रिटन हे तिचे ठळक उदाहरण होय. एका मतदारसंघातून सर्वाधिक मते मिळविणारा एकच उमेदवार निवडून यावा हा नियम द्विपक्षपद्धतीस पोषक ठरतो, असे मॉरिस द्यूव्हर्जे यांनी १९५१ साली दाखविले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत हुजूर व मजूर या दोन पक्षांना मिळून सुमारे ९७ टक्के मते पडली. मजूर पक्षाला मते अधिक मिळाली. परंतु ३२१ विरुद्ध २९५ जागा मिळवून सत्तेवर आला तो हुजूर पक्ष. स्पर्धेचा निर्णय असा मतदारसंघांत लागत असल्यामुळे दोन्ही पक्षांच्या स्थानिक संघटना मतदारसंघनिहायच उभारल्या गेल्या.

या संघटनांचा उगम मात्र परस्परविरुद्ध दिशांनी झाला. हुजूर पक्ष प्रथम संसदेत होता. १८६७ च्या कायद्याने शहरांतील अनेक कामगारांना मताधिकार मिळाला, तेव्हा त्याच वर्षी पक्षाच्या स्थानिक मंडळांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. मजूर पक्ष संसदेबाहेर जन्मला. कामगार संघटना व समाजवादी मंडळे यांनी १९०० साली स्थापिलेल्या समितीने १९०६ मध्ये पक्षाचे नाव धारण केले. १९१८ च्या घटनेने व्यक्तिगत सभासदत्वाची तरतूद झाली. एका पक्षात संघटना ही संसदेतील नेत्यांची साहाय्यक, तर दुसऱ्यात संसद सदस्य हे संघटनेचे प्रतिनिधी, असा हा तात्त्विक भेद होता.

व्यवहारात हा भेद पुष्कळ अंशी पुसला गेला, असे प्रतिपादन रॉबर्ट मॅकेन्झी यांनी १९५५ साली केले. मंत्रिमंडळ कॉमन्स सभेला जबाबदार असते. पक्षपरिषदेच्या ठरावाने त्याला बांधून टाकता येत नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांत खरी सत्ता संसदीय नेतृत्वाकडेच राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढील काळात नेतानिवडीचे नियम बदलले. हुजूर पक्षाच्या संसद सदस्यांनी १९६५ मध्ये प्रथमच मतदानाने नेता निवडला. १९९८ च्या नियमांनी दोन उमेदवारांतून अंतिम निवड करण्याचा अधिकार सामान्य सभासदांकडे गेला. मजूर पक्षाने १९८१ मध्ये कामगार संघटना व स्थानिक शाखा यांना या निवडीत वाटा दिला आणि २०१४ मध्ये 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व स्वीकारले.

यातून उत्पन्न होणारा पेच दोन प्रसंगांनी स्पष्ट झाला. २०१६ मध्ये मजूर पक्षाच्या संसद सदस्यांनी जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दर्शविला. तथापि सभासदांनी त्यांनाच पुन्हा निवडले. २०२२ मध्ये हुजूर संसद सदस्यांच्या अखेरच्या फेरीत लिझ ट्रस यांना ११३, तर ऋषी सुनक यांना १३७ मते होती. सुमारे पावणेदोन लाख सभासदांच्या हाती असलेली अंतिम निवड ट्रस यांच्या बाजूने झाली. त्यांचे पंतप्रधानपद ४९ दिवसच टिकले.

पक्षांतर्गत लोकशाही व संसदीय जबाबदारी ही दोन्ही तत्त्वे इष्ट असली, तरी ती आपोआप एकमेकांशी जुळत नाहीत, हे यावरून दिसते. २०२४ मध्ये या दोन पक्षांची एकत्रित मते ६० टक्क्यांहून कमी झाली. तरीही मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४०० हून अधिक जागा मिळाल्या. मतदारांचा पाठिंबा आटत असता निवडणूक-नियम पक्षाला सत्ता देऊ शकतो. अशा स्थितीत त्या पक्षाचा नेता कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न केवळ पक्षाचा अंतर्गत प्रश्न राहत नाही; तो राज्यव्यवस्थेचा प्रश्न ठरतो.