स्पॉकचा मेंदू आणि आमची टाकी

‘स्पॉकचा मेंदू चोरीला जातो.’ गोष्ट एवढीच सांगून थांबलं तरी ऐकणारा हसतो, आणि त्याचं काही चुकत नाही. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेचे ७९ भाग झाले. त्यांतला सगळ्यांत टाकाऊ कोणता, असं चाहत्यांना विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी ‘स्पॉक्स ब्रेन’ हेच नाव येतं. खुद्द स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांनी आत्मचरित्रात कबूल केलंय, की या भागाच्या चित्रीकरणात आपण सतत ओशाळलेले होतो. अशिलानेच मान खाली घातल्यावर वकिलाने काय बोलावं? तरी मी हे वकीलपत्र घेतलंय. कारण या भागाचे खिळे-स्क्रू काढून पाहिले, तर आत एक पंपघर सापडतं. तसलंच एक पंपघर नवी मुंबईत, रोडपालीत आमच्या इमारतीखाली आहे.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. ज्यांच्या घरी, किंवा शेजारच्यांच्या घरी, टीव्ही होता त्यांना टोकदार कानांचा स्पॉक आठवत असेल. बाकीच्यांसाठी एवढंच: एंटरप्राइझ हे अंतराळयान, कर्क हा कप्तान, मॅकॉय हा डॉक्टर, आणि स्पॉक हा अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन, भावना बाजूला ठेवून तर्काने चालणारा. या भागात एक अनोळखी बाई यानावर अवतरते, मनगटावरच्या पट्ट्याची कळ दाबते आणि सगळे बेशुद्ध पडतात. शुद्धीवर येऊन बघतात तर स्पॉक उपचारकक्षात यंत्रावर आणि कवटी रिकामी. डॉक्टर सांगतो, हा देह फार तर चोवीस तास टिकेल.

इथे पहिलं हसू. मेंदू नाही आणि माणूस जिवंत? जरा थांबा. हृदयाला ठोके द्यायला मेंदू लागत नाही. उजव्या कर्णिकेच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो स्वतःच ठेका धरतो. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. श्वासाचं तसं नाही. त्याचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो. देठ गेला की छाती हलायची थांबते आणि प्राणवायू न मिळाल्याने काही मिनिटांत हृदयही थांबतं. छाती यंत्राने हलती ठेवली, तर हृदय काही तास, कधी काही दिवसही चालतं. हळूहळू रक्तदाब, तापमान, क्षार यांची घडी विस्कटत जाते. चोवीस तासांची मुदत लेखकाने हवेतून काढली असली, तरी ती फार चुकलेली नाही.

त्याहून जास्त टिंगल झाली ती रिमोटची. डॉक्टर स्पॉकच्या डोक्यावर एक पट्टी बसवतो आणि हातातल्या डबीची बटणं दाबत त्याला चालवतो. टक्, एक पाऊल. टक्, दुसरं. दिसतं हास्यास्पदच. पण डावा-उजवा, डावा-उजवा ही चालण्याची लय मुळात पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असते, हे थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून १९११ मध्येच दाखवलं होतं. चाल, थांब, वळ हे वरून सांगावं लागतं; पावलागणिक हिशेब खालचं खातं सांभाळतं. मग डबीवर चार बटणं पुरतील की! तोलाचं काय, हा प्रश्न मी डॉक्टरला विचारणार नाही.

आणि मराठी माणसाने तर इथे हसूच नये. नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात आणि इकडे त्यांचा रिकामा देह गोरक्षनाथ राखत बसतात. परकायाप्रवेश आपण आजीच्या मांडीवर ऐकलेला. मॅकॉय हा या गोष्टीतला गोरक्षनाथ, फक्त हातात चिमट्याऐवजी डबी.

तारीखही बघण्यासारखी आहे. हा भाग अमेरिकेत २० सप्टेंबर १९६८ ला दाखवला गेला. आदल्या डिसेंबरात केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं होतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय-प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण अशी शस्त्रक्रिया तोवर जगात बोटांवर मोजण्याइतक्याच ठिकाणी झाली होती. आणि ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने प्रश्न मांडला, की हृदय धडधडतंय पण मेंदू कायमचा गेलाय, अशा माणसाला मृत म्हणायचं का. आपल्याकडे याचं कायद्यातलं उत्तर यायला १९९४ साल उजाडलं: चार डॉक्टरांचं मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. म्हणजे माणूस देहात असतो की डोक्यात, हा वाद १९६८ मध्ये थेट शस्त्रक्रियागृहात शिरला होता. त्याच वर्षी एका स्वस्तातल्या मालिकेने टेबलावर देह ठेवला आणि विचारलं, यातला स्पॉक कुठाय?

शोधाशोध मी भराभर सांगतो. चोरांच्या यानाचा माग सिग्मा ड्रॅकोनिस या ताऱ्यापर्यंत जातो. हा तारा खराच आहे, साधारण १९ प्रकाशवर्षांवर. तिथल्या ज्या ग्रहावर हिमयुग चालू आहे, नेमकी तिथेच जमिनीखालून ऊर्जा येताना दिसते. वर बर्फात रानटी पुरुष, खाली उबदार भुयारी शहरात फक्त बायका. त्या शहराची हवा, उष्णता, पाणी सगळं चालवणारा एक ‘नियंत्रक’ आहे. जुना संपत आला म्हणून नवा आणला, तोच स्पॉकचा मेंदू. आता पुढची दहा हजार वर्षं चिंता नाही.

वाईट भागातली ही फार चांगली कल्पना आहे. चोरांना स्पॉकची विद्वत्ता नको, गुपितं नकोत, खंडणीही नको. त्यांना पंपवाला हवाय.

गेल्या गणपतीत आमच्या इमारतीचे पंपवाले काका गावी गेले. भाच्याला सांगून गेले होते. भाचा दुसऱ्या दिवसापासून फिरकला नाही. काम काय, तर लाइनचं पाणी ठरावीक वेळी खालच्या टाकीत घ्यायचं, मोटर लावून गच्चीवर चढवायचं, तिथून विंगवार व्हॉल्व्ह फिरवायचे. इमारतीत तीन इंजिनियर, एक सीए, दोन मास्तर. स्टार्टर दाबल्यावर मोटर घोंघावली, गरम झाली, पाणी वर चढेना. पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळत होता. म्हणून काका रोज आधी बादलीभर पाणी ओतून पाइपातली हवा काढत आणि मगच कळ दाबत. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुपारपर्यंत सात मजले माणसं रिकाम्या बादल्या घेऊन एकमेकांकडे बघत उभी. भुयारातली ती बाई, जिला मेंदू म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, तिला हसायचा अधिकार मी त्या दिवशी गमावला.

पंपघर तरी डोळ्यांसमोर असतं. खाडीकाठच्या सखल जमिनीवर नवी मुंबई वसवताना सिडकोने धारण तलाव ठेवले. पावसाचं पाणी नाल्यांतून त्यांत येतं. तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झडप असते: भरती आली की खाडीचंच पाणी ती दाबून बंद करतं, तोवर पाऊस तलावात साठतो, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि तलाव रिता होतो. ना मोटर, ना माणूस. मात्र गाळ भरला किंवा झडप अडकली, आणि नेमकी मोठी भरती नि मोठा पाऊस एकदम आला, की वस्तीला पहिल्यांदा कळतं की असं काही होतं.

भुयारातल्या बायकांकडे यावरही तोड आहे. पूर्वजांनी ठेवलेलं, ज्ञान डोक्यात भरणारं एक शिरस्त्राण. ते घातलं की बाई निष्णात शल्यविशारद होते, यान चालवते, मेंदू काढून आणते. तीन तासांनी सगळं पुसलं जातं. १९६८ मध्ये हे बालिश वाटलं असेल. आमच्या तीनपैकी एका इंजिनियरने मोबाइलवर व्हिडिओ बघून त्या दिवशी पंपात पाणी भरलं आणि टाकी चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तोच व्हिडिओ शोधत होता.

आता जे बचावण्यासारखं नाही ते. बायकांचं अख्खं शहर बाळबोध दाखवायचं आणि शेवटी कप्तानाने त्यांना वर पुरुषांत जाऊन राहायला शिकवायचं, याला माझ्याकडे उत्तर नाही. भुयार म्हणजे रंगवलेल्या भिंती. तिसऱ्या हंगामात वाहिनीने मालिकेचे पैसे कापले होते आणि तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली होती, म्हणजे तिचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची वेळ. लेखक जीन कून एव्हाना दुसरीकडे बांधलेले, म्हणून नाव ली क्रोनिन असं टोपण. शस्त्रक्रियेनंतर स्पॉकचा एक केसही हललेला नसतो. आणि मेंदूत शिरणाऱ्या दृष्टीच्या किंवा मज्जारज्जूच्या नसा कापल्यावर पुन्हा जोडून चालू करणं आजही कुणाला जमलेलं नाही, मॅकॉयला मात्र जमतं.

पण ती शस्त्रक्रिया नीट बघा. मॅकॉय शिरस्त्राण घालतो, हात सराईतपणे चालू लागतात, नसांमागून नसा जुळतात. मग अर्ध्यावर त्याचा हात थबकतो. ज्ञान ओसरतंय. मघाशी सोपं वाटत होतं ते आता समोर असून कळत नाही, आणि पोट उघडून ठेवलेल्या यंत्रासारखा मित्र टेबलावर आहे. तेव्हा तो बोलण्याचं केंद्र आधी जोडून घेतो आणि पुढची जोडणी खुद्द स्पॉक, टेबलावरून, त्याला सांगत जातो. ज्याची दुरुस्ती त्यालाच विचारायची, हा शहाणपणा तिथे ऐनवेळी सुचतो.

आम्हाला तो पाचव्या दिवशी सुचला, काका परतल्यावर. स्पॉक शुद्धीवर येताच त्या शहराच्या इतिहासावर बोलायला लागतो आणि थांबतच नाही. काकांनीही पंपघराच्या दारात उभं राहून फूट व्हॉल्व्हपासून सुरुवात केली, मग बी विंगची चावी उलटी का फिरते ते, मग जुन्या मोटरचं काय झालं ते. मी वहीत लिहून घेत होतो. अर्ध्या तासाने ते २००५ च्या पुरावर आले.