विश्वासाचा ताळेबंद

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या अशा संस्थांना पैशाचा हिशेब समाजापुढे मांडल्यावाचून गत्यंतर नसते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने या जबाबदारीला कायद्याचे अधिष्ठान दिले. हिशेबातील अनियमितता लेखापरीक्षकाला अहवालात नमूद करावी लागते.

पुण्यात पितृपंधरवड्यात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ या प्रदर्शनात सेवाभावी संस्था नागरिकांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे देतात. समाजमाध्यमे हे अशाच संवादाचे अधिक विस्तृत व्यासपीठ होय. तथापि, अनेक व्यावसायिक त्यांचा उपयोग केवळ जाहिरातीसाठी करतात. ग्राहकाची तक्रार पुसून टाकली की प्रश्न मिटला, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तक्रार पुसली जाते, संशय मात्र कायम राहतो. त्याऐवजी मालातील दोष, विलंबाचे कारण आणि केलेली दुरुस्ती जाहीरपणे सांगणे अधिक हितावह ठरते. अर्थात, ग्राहकाची खासगी माहिती उघड होता कामा नये.

हिशेब पाहून देणगीदार पुन्हा देणगी देतो. खरे उत्तर मिळाल्यास ग्राहकही पुन्हा दुकानाची पायरी चढतो.