दिवड : मान पसरणारा बिनविषारी पाणसाप

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. याच जिल्ह्यात उगम पावणारी अडाण नदी पुढे यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेला मिळते. या भागातल्या नाल्यात, विहिरीत, शेततळ्यात जो साप दिसतो तो बहुधा दिवड असतो. त्यालाच विरोळा किंवा पाणदिवड म्हणतात. तो बिनविषारी आहे, तरी नाग समजून मारला जातो. डिवचल्यावर तो मान चपटी करून पसरवतो आणि घाबरलेल्या माणसाला तो फणाच वाटतो.

दिवडाचे शास्त्रीय नाव फाउलिया पिस्केटर. जुन्या पुस्तकांत तो झेनोक्रोफिस पिस्केटर म्हणून सापडेल. 'पिस्केटर' या लॅटिन शब्दाचा अर्थ कोळी, म्हणजे मासे पकडणारा. 1799 मध्ये जर्मन अभ्यासक श्नायडर यांनी दिलेले हे नाव त्याला शोभते. मात्र बेडूकही तो तितक्याच आवडीने खातो. पिल्ले बेडकांची लहान पोरे आणि पाण्यातले किडे यांवर वाढतात.

पिवळट किंवा तपकिरी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके, खरबरीत खवले आणि डोळ्यापासून ओठाकडे उतरणाऱ्या दोन काळ्या तिरप्या रेषा, ही त्याची ओळख. रंग बराच बदलतो, म्हणून डोळ्याखालच्या रेषा जास्त भरवशाच्या. नाकपुड्या किंचित वरच्या बाजूला असल्याने डोके जेमतेम पाण्याबाहेर काढूनही त्याला श्वास घेता येतो. श्वासासाठी वर यावेच लागते; मासेमारीच्या जाळ्यात अडकला तर तो बुडून मरतो.

मादी उंदराच्या बिळात, वारुळात किंवा काठावरच्या एखाद्या पोकळीत अंडी घालते. एका वेळी तीस ते सत्तर, कधी त्याहूनही जास्त. पिल्ले बाहेर येईपर्यंत ती अंड्यांजवळ थांबते. सापांमध्ये ही गोष्ट तशी दुर्मीळच.

स्वभावाने मात्र दिवड तापट. पकडायला गेलात तर चटकन चावतो. निसरडा मासा सुटू नये म्हणून त्याचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे ओरखडे उमटतात, रक्त येते. विषबाधा होत नाही.

पण 'पाण्यात दिसला म्हणजे दिवडच' हा समज धोक्याचा आहे. नागही उत्तम पोहतो. साप चावल्यावर त्याची ओळख पटवत बसण्यात वेळ घालवू नये. जखम कापू नये, तोंडाने चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. चावलेला भाग शक्यतो न हलवता रुग्णाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. विहिरीत अडकलेला साप, मग तो दिवड असला तरी, स्वतः काढायला उतरू नये. सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार दिवडालाही संरक्षण आहे.