रोज एक गाडी, साडेअठरा वर्षं

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूर स्टेशनात शिरली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. एवढ्या पाण्याचं वजन भरतं २,५०० टन. या लेखापुरतं हेच माप घेऊ: एक लातूर गाडी म्हणजे २,५०० टन. पुढे येणारे आकडे नुसत्या टनांत सांगितले तर डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

४ मे १९६० ची गोष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन तीनच दिवस झाले होते. केंद्राचे अन्न व कृषिमंत्री स. का. पाटील वॉशिंग्टनमध्ये होते. त्यांनी आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका करारावर सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारतात यायचा होता. जहाजभाड्यासकट किंमत सुमारे १२७ कोटी डॉलर. आपल्या मापाने या झाल्या ६,८०० गाड्या. २०१६ च्या त्या एप्रिलपासून लातूर स्टेशनात धान्याची रोज एक गाडी आली असती, एकही दिवस खाडा न होता, तर शेवटची गाडी २०३४ च्या नोव्हेंबरात लागली असती.

आणखी जवळून बघू. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६ होती. दोन्ही मिळून ५८ लाख १५ हजार. यातल्या तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्य द्यायचं तर वर्षाला १४० गाड्या पुरतात. त्या एका कराराचं धान्य या दोन जिल्ह्यांना जवळजवळ ४९ वर्षं पुरलं असतं.

हा करार ज्या कायद्याखाली झाला तो 'पीएल ४८०'. अमेरिकेत १० जुलै १९५४ रोजी त्यावर सही झाली. त्याचं पूर्ण नाव 'कृषी व्यापार विकास व साहाय्य कायदा'. नावात व्यापार आधी आहे, साहाय्य नंतर. अमेरिकन शेतकऱ्याचं जास्तीचं धान्य कोठारांत साठून राहिलं होतं आणि ते सांभाळण्याचा खर्च सरकारच्या डोक्यावर होता. ते बाहेर काढायचं, बाजार मिळवायचा आणि त्याच हाताने भुकेल्या देशांना मदत करायची, अशी ती रचना. त्याच वर्षी दुसराही कायदा झाला: सरकारी मदतीचा किमान निम्मा माल अमेरिकेचा झेंडा लावलेल्या जहाजांतूनच जायला हवा. १९८५ मध्ये अन्नमदतीसाठी हे प्रमाण ७५ टक्के झालं, २०१२ मध्ये पुन्हा ५० वर आलं. अमेरिकी जहाजांचं भाडं महाग. त्यामुळे मदतीच्या पैशातला मोठा हिस्सा धान्यात न जाता समुद्रातच खर्च होत राहिला.

तिसरा नियम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९५४ मध्येच घालून दिला. सवलतीचं धान्य घेणाऱ्या देशाने आपली नेहमीची रोखीची खरेदी कमी करायची नाही. मदतीमुळे दुसऱ्या निर्यातदाराचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून हा दंडक. त्यावर देखरेखीसाठी वॉशिंग्टनमध्ये खास उपसमिती बसली. अन्नमदतीच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया हा असा आहे. विकणाऱ्याचं नुकसान होऊ नये याची त्यात बारकाईने काळजी घेतलेली आहे. उपाशी माणसाने कोणाच्या दारात जाऊन हक्काने धान्य मागावं, याबद्दल त्यात एक ओळ नाही.

मुख्य म्हणजे हे धान्य फुकट नव्हतं. पीएल ४८० च्या 'टायटल एक' या भागाखाली भारत रुपयांत पैसे मोजत होता. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या नावावर जमा होत. त्यातले बरेचसे भारताला कर्जाऊ मिळत, काही वकिलातीच्या खर्चाला जात. १९६२ पासून त्यातूनच भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठी पुस्तकांचे जे संग्रह उभे राहिले, त्यांची किंमत मुंबई-पुण्यातल्या गिरणीत दळलेल्या लाल गव्हाने चुकवलेली आहे. तरीही रुपयांचा ढीग वाढतच गेला. शेवटी १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी भारत सरकारला एक धनादेश दिला. रक्कम होती १,६६४ कोटी रुपये. जगातला सगळ्यात मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

ही रक्कम दुष्काळाच्या हिशेबात मांडून बघा. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. दिवसाची मजुरी ३ रुपये धरली तर ५० लाख जणांची रोजची हजेरी होते दीड कोटी रुपये. त्या एका धनादेशात हे सगळं मस्टर १,१०९ दिवस चाललं असतं. तीन वर्षांहून जास्त.

पण त्याआधी १९६६ साल आहे. १९६४-६५ मध्ये देशात ८.९४ कोटी टन अन्नधान्य पिकलं होतं. पुढच्या वर्षी पाऊस गेला आणि आकडा ७.२३ कोटींवर घसरला. त्याच्या पुढच्या वर्षीही तो ७.४२ कोटींवरच राहिला. १९६६ मध्ये परदेशातून १ कोटी ४ लाख टन धान्य आलं. म्हणजे ४,१६० गाड्या, दिवसाला अकरा. रात्रंदिवस, दर दोन तास सहा मिनिटांनी एक गाडी.

आणि नेमक्या याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार बंद करून धान्य महिन्या-दोन महिन्यांच्या हप्त्यांनी सोडायला सुरुवात केली होती. शेतीचं धोरण बदला, व्हिएतनामबद्दल जपून बोला, मग पुढची जहाजं. कायद्यात याला आडकाठी नव्हती. उलट १९६६ च्या दुरुस्तीने मदत घेणाऱ्या देशाच्या 'स्वावलंबना'च्या अटी कायद्यातच घातल्या, आणि क्यूबा किंवा उत्तर व्हिएतनामशी व्यापार करणाऱ्या देशांना सवलतीच्या विक्रीतून वगळण्याचं कलमही आणलं. हप्त्यांच्या या धोरणामुळे भारताने शेतीकडे गांभीर्याने पाहिलं, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. नव्या गव्हाच्या बियाण्याचं काम आपल्याकडे आधीच सुरू झालं होतं. आणि कोट्यवधी माणसांचं पुढच्या महिन्याचं पोट एका माणसाच्या मर्जीवर टांगून ठेवणं हे कोणत्याही चांगल्या परिणामाने योग्य ठरत नाही.

मग १९६७ मध्ये पहिला अन्नमदत करार झाला. वर्षाला किमान ४५ लाख टन धान्य देऊ, असं सदस्य देशांनी लेखी मान्य केलं. आंतरराष्ट्रीय कायद्यात अन्न देण्याचं बंधन आकड्यात आलं ते इथे, आणि हे पाऊल मोठं होतं. पण आकार पाहा. ४५ लाख टन म्हणजे १,८०० गाड्या, साऱ्या जगासाठी. आदल्याच वर्षी एकट्या भारताला ४,१६० लागल्या होत्या. शिवाय करारावर सह्या सगळ्या देणाऱ्यांच्या. घेणारा देश त्या टेबलावर एकही नव्हता.

मग १९७२. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. ओळीने पावसाने दगा दिला आणि ज्वारीची कोठारं रिकामी झाली. त्या पिढीतल्या कोणाही बाईला विचारा, ती मिलोचं नाव घेईल. अमेरिकेत जनावरांना घालतात ती लालसर ज्वारी. भाकरी नीट थापली जायची नाही, घशाखाली उतरायची नाही, तरी खाल्ली. कामावर सुकडी मिळायची, लेकरांना तिचाच आधार. मिलो ही अमेरिकेने पाठवलेली मदत होती, असं गावोगाव आजही सांगितलं जातं. हिशेब वेगळं सांगतो. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये, अमेरिकेने भारताची आर्थिक मदत थांबवली होती. १९७३ मध्ये देशात आलेल्या सुमारे ३६ लाख टन धान्यातलं बहुतेक आपण परकीय चलन मोजून बाजारातून आणलं होतं. आपल्या आयाआज्यांनी ती भाकरी कोणाच्या उपकारावर खाल्लेली नाही.

आणि ते धान्य आणलं तेही सगळ्यात महाग काळात. १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून १ कोटी टनांहून जास्त गहू एकदम उचलला. ४,००० गाड्या. दोन वर्षांत जगात गव्हाचा भाव दुपटीहून वर गेला. अमेरिकेची मदत डॉलरांच्या तरतुदीवर चालायची, त्यामुळे भाव वाढला तसे टन घटले. १९७२ मध्ये सुमारे ९० लाख टन असलेली तिची अन्नमदत १९७४ मध्ये ३३ लाख टनांवर आली. ज्या वर्षी गरज सर्वांत मोठी, त्या वर्षी मदत सर्वांत छोटी. हा अपघात नव्हता, ती रचनाच तशी होती.

नियम पुढे सुधारत गेले, हे मोकळेपणाने सांगायला हवं. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराने १९९५ पासून मदतीला व्यापारी खरेदीची अट जोडायला बंदी केली. २०१५ च्या नैरोबी निर्णयाने मदत पूर्णपणे अनुदान असावी आणि स्थानिक शेतकऱ्याचा भाव पाडू नये असं ठरवलं. २०१२ च्या लंडनच्या अन्नमदत करारात धान्याऐवजी रोख मदतही मोजली जाऊ लागली. जून २०२२ मध्ये जिनिव्हाला व्यापार संघटनेत ठरलं की जागतिक अन्न कार्यक्रम जे धान्य मानवी मदतीसाठी विकत घेईल, त्यावर निर्यातबंदी लावायची नाही. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला अटारीच्या सीमेवरून ५० ट्रक अफगाणिस्तानकडे निघाले होते. भारताचा गहू, २,५०० टन. बरोबर एक लातूर गाडी. एकूण कबूल केलेला गहू होता ५० हजार टन, वीस गाड्या.

पण खरा फरक पडला तो देशातल्या कायद्याने, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राच्या १९७२ च्या दुष्काळात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. दुष्काळी कामांच्या अनुभवातून ती घट्ट झाली, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भुकेल्या माणसाला सरकारवर दावा सांगण्याची जागा मिळाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तोच दावा धान्यापर्यंत नेला. ८१.३५ कोटी माणसं, दरमहा माणशी ५ किलो. वर्षाला जवळजवळ ४ कोटी ८८ लाख टन. म्हणजे १९,५०० गाड्या, दिवसाला ५३, दर २७ मिनिटांनी एक. १९६६ मध्ये परदेशातून आलेल्या धान्याच्या जवळजवळ पाचपट धान्य आज हा देश स्वतःच्या शेतकऱ्याकडून घेऊन दरवर्षी वाटतो.

एवढं करूनही जागतिक व्यापाराच्या नियमांत भारत आरोपी ठरतो. हमीभावाने खरेदी केलेलं धान्य १९८६-८८ च्या किमतींशी ताडून पाहिलं जातं आणि उत्पादनाच्या मूल्याच्या १० टक्क्यांपुढे अनुदान गेलं की मर्यादा ओलांडली. २०१८-१९ च्या तांदळाचं मूल्य ४,३६७ कोटी डॉलर, अनुदान ५०० कोटी. मर्यादेपेक्षा सुमारे ६३ कोटी जास्त. २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेल्या तात्पुरत्या संरक्षणाचा आधार घ्यावा लागला, आणि तो घेणारा भारत पहिला देश. साडेतीन दशकांहून जुन्या किमतीवर आजची भूक मोजणं हा सरळ अन्याय आहे आणि भारताने यावर माघार घेऊ नये.

कायदा आणि शासनाचा निर्णय यांतला फरक नांदेड-लातूरला कोणी समजावून सांगायला नको. २०१५ पासून राज्याच्या १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आणि विदर्भातल्या सहांत, केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य स्वस्तात मिळत होतं. ते अन्नसुरक्षा कायद्याखाली नव्हतं, शासन निर्णयाखाली होतं. २०२३ मध्ये दुसऱ्या शासन निर्णयाने ते थांबलं आणि धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा करायचं ठरलं. दिवसाला ५ रुपये. बाजारात धान्याचा भाव चढला की तेवढ्याच पैशात धान्य कमी येतं, हे १९७४ ने दाखवून दिलेलं आहे. या जिल्ह्यांच्या आमदारांनी हे धान्य पुन्हा सुरू करून ते कायद्यात बसवण्याची मागणी लावून धरली पाहिजे.

आणि ज्यांचं नाव अन्नसुरक्षा यादीत आहे त्यांनी एवढं करावं: अंगठा लावल्यावर पावती मागून घ्यावी, त्यावरचे किलो मोजून पाहावेत. धान्य मिळालं नाही तर कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो, आणि कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार लेखीच करा आणि तिची पोच घ्या.