गटाची वाहने: आरटीओ शुल्काच्या पावत्या आणि लेखापरीक्षणासाठी नोंदी

सोयाबीनच्या ऐन हंगामात माल भरून लातूर बाजार समितीकडे निघालेला पिकअप रस्त्यात अडवला आणि फिटनेसची मुदत संपलेली निघाली, तर दंड भरावा लागतोच, शिवाय त्या दिवशीचा सौदाही हातचा जातो. अपघात झाला तर याच कारणावरून विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनी किंवा अवजार बँकेने प्रत्येक वाहनाची स्वतंत्र फाईल ठेवावी.

फाईलमध्ये आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, कराची पावती आणि लागू असल्यास परमिट ठेवा. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या गाडीला लागते. अर्धापूरची केळी परराज्यात नेणाऱ्यांनी हे आधीच तपासावे. मालवाहू वाहनाचे वय आठ वर्षे होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. पहिल्या पानावर या सर्व मुदती लिहा आणि महिनाभर आधीची तारीख लाल शाईने नोंदवा. चालकावर विसंबू नका.

खरी गफलत पैशांच्या नोंदीत होते. माझ्या पाहण्यातल्या एका गटाने एजंटाला ठोक रक्कम दिली आणि वहीत फक्त ‘आरटीओ खर्च’ लिहिले. लेखापरीक्षकाने विचारले, यात शुल्क किती, कर किती, दंड किती आणि एजंटाची मजुरी किती? कोणालाच सांगता आले नाही. कायदा मोडल्याबद्दलचा दंड आयकरात व्यवसायाचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, त्यामुळे तो वेगळ्या खात्यातच दाखवावा लागतो. शुल्क ‘परिवहन’ संकेतस्थळावर गटाच्या बँक खात्यातून भरा आणि पावतीची प्रिंट त्याच दिवशी फाईलला लावा.

लॉगबुकमध्ये तारीख, सुरुवातीचे व शेवटचे किलोमीटर, कोणाचा माल, डिझेल आणि भाडे पावतीचा क्रमांक असावा. डिझेलचे लिटर आणि किलोमीटर महिन्याला जुळवून पाहा. चोरी असेल तर इथेच दिसते. एका पंपाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, तो खर्च आयकरात नामंजूर होतो.

ट्रॅक्टरकडे मात्र जास्त लक्ष द्या. शेतीकामासाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने भाड्याने विटा किंवा वाळू वाहिली, तर नोंदणी आणि विमा दोन्हींचा प्रश्न उभा राहतो. लॉगबुकात कामाचा प्रकार स्पष्ट लिहिण्याची सवय असेल, तर असे काम स्वीकारण्याआधीच संचालक थांबतात.

उत्पादक कंपनीला उलाढाल कितीही असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण बंधनकारक आहे आणि हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात. थर्मल कागदावरची पंपाची पावती वर्षभरात पुसट होते. तिची झेरॉक्स काढून मूळ पावतीसोबत लावा.