प्रारणसंरक्षक द्रव्ये, शरीरातील

प्रारणसंरक्षक द्रव्ये, शरीरातील : क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणामुळे (अणू व रेणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करू शकणाऱ्या ऊर्जेमुळे) होणारी हानी कमी करणारी व सजीवांच्या कोशिकांत (पेशींत) मुळातच असणारी रासायनिक द्रव्ये. ग्लुटाथायोन हे गंधकयुक्त पेप्टाइड, सुपरऑक्साइड डिसम्युटेज व कॅटॅलेज ही एंझाइमे, स्पर्मीनसारखी अमाइने, प्रोस्टाग्लँडिने व काही प्रथिने यांचा त्यांत समावेश होतो. यांपैकी कोणतेही द्रव्य केवळ प्रारणाला तोंड देण्यासाठी निर्माण झालेले नाही. ऑक्सिजनवर जगणाऱ्या प्रत्येक कोशिकेत श्वसनाच्या ओघात अतिशय क्रियाशील अशी मुक्त मूलके (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले अणू वा अणुगट) सतत तयार होत असतात आणि त्यांचा बंदोबस्त करणे हे या द्रव्यांचे नित्याचे काम होय. प्रारण तशाच प्रकारची मूलके क्षणार्धात व भलत्या ठिकाणी निर्माण करते, म्हणून हीच यंत्रणा तेथेही कामी येते. परंतु तिच्या मर्यादाही याच कारणामुळे ठरतात.

कोशिकेत पाण्याचे प्रमाण सर्वांत जास्त असल्याने प्रारणाची बरीच ऊर्जा पाण्याच्या रेणूंत शोषली जाते व त्यांचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. क्ष-किरणांमुळे डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाची (डीएनएची) जी हानी होते तिचा सुमारे दोन-तृतीयांश भाग या मूलकामुळे होतो. उरलेली हानी प्रत्यक्ष आघाताने होते. हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य कोशिकेत सेकंदाच्या अब्जांशाएवढेच असते आणि त्याला निष्प्रभ करणारे खास एंझाइम कोणत्याही सजीवात नाही. साहजिकच त्याला वाटेत अडविण्यापेक्षा त्याने केलेली जखम लगेच भरून काढणे अधिक साध्य असते. ग्लुटाथायोनाचे महत्त्व यातच आहे. ग्लुटामिक अम्ल, सिस्टीन व ग्लायसीन या तीन ॲमिनो अम्लांच्या या संयुगातील गंधकाला जोडलेला हायड्रोजन सैलसर बांधलेला असतो. डीएनएमधून हायड्रोजन हिरावला गेला की, ग्लुटाथायोन आपला हायड्रोजन देऊन ती जागा भरते. मात्र त्याच जागेवर ऑक्सिजन आधी येऊन बसला, तर हानी पक्की होते. ऑक्सिजन व ग्लुटाथायोन यांच्यातील ही शर्यत सेकंदाच्या हजारांशाच्या आत संपते. ऑक्सिजनाचा पुरवठा भरपूर असलेल्या कोशिका ऑक्सिजनहीन कोशिकांपेक्षा क्ष-किरणांना अडीच ते तीन पट अधिक बळी पडतात, त्याचे कारण हेच.

संरक्षक द्रव्य प्रारणाच्या क्षणी कोशिकेत हजर असावे लागते, ही गोष्ट १९४९ साली हार्व्ही पॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत दाखवून दिली. प्रारणापूर्वी सिस्टीन दिलेले प्राणी घातक मात्रेतूनही मोठ्या प्रमाणात वाचले. प्रारणानंतर दिलेल्या सिस्टिनाचा काहीही उपयोग झाला नाही. पुढे १९५१ साली बेल्जियममधील झेड. एम. बॅक यांनी सिस्टीॲमीन हे त्याहून प्रभावी असल्याचे दाखविले. हे संयुग शरीरातील को-एंझाइम-ए या द्रव्याचा घटकच आहे.

बाकीच्या द्रव्यांच्या कार्यपद्धती निरनिराळ्या आहेत. सुपरऑक्साइड डिसम्युटेजाने (शोध १९६९, मॅकॉर्ड व फ्रिडोविच) सुपरऑक्साइड मूलकाचे हायड्रोजन पेरॉक्साइडात रूपांतर होते व कॅटॅलेज त्याचे पाणी व ऑक्सिजन करते. स्पर्मीन व हिस्टोन प्रथिने डीएनएला घट्ट गुंडाळतात, त्यामुळे मूलकांना तेथे पोहोचण्यास वाव कमी राहतो. हिस्टामीन व सेरोटोनीन यांचा परिणाम अप्रत्यक्ष असतो : रक्ताभिसरणात बदल होऊन प्लीहा, अस्थिमज्जा अशा ऊतकांना मिळणारा ऑक्सिजन काही काळ घटतो आणि तेवढ्यापुरती हानी कमी होते. प्रोस्टाग्लँडिनांपैकी ई गटातील संयुगे व त्यांची कृत्रिम रूपे आधी दिली असता उंदराच्या आतड्यातील मूळ कोशिका अधिक संख्येने वाचतात. ही क्रिया मूलके टिपण्याची नसून कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राहींमार्फत घडते.

बीजातील गर्भ : वनस्पतीचे बी म्हणजे आवरणात सुप्तावस्थेत असलेला गर्भच होय. जालना जिल्हा (निर्मिती १ मे १९८१) बियाण्यांच्या उत्पादनासाठी देशभर प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालना येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) स्थापन केली व १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मूग, उडीद, तूर ही या जिल्ह्याच्या खरिपातील परिचित कडधान्ये. त्यांच्या सुधारित वाणांपैकी काहींचा उगम ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रारण दिलेल्या बियांत आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झालेला व १९८५ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला उडदाचा ‘टीएयू-१’ हा वाण त्यांपैकी एक असून त्याच्या जनकांपैकी एक वाण उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेला) होता. ट्रॉम्बेचा भुईमुगाचा ‘टीजी-१’ हा वाण त्याही आधीचा, १९७३ सालचा आहे.

अशा कामात कोरड्या बियांना काही शेकडो ग्रे (१ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅममागे १ जूल शोषित ऊर्जा) इतकी मात्रा दिली जाते. सर्व शरीरावर सुमारे ४ ग्रे मात्रा पडली व उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. हे लक्षात घेतले म्हणजे बियांतील गर्भाची सहनशक्ती ध्यानात येते. सुप्त गर्भात कोशिका-विभाजन थांबलेले असते, बी भिजल्यावर विभाजन सुरू होण्यापूर्वी डीएनएच्या दुरुस्तीस अवसर मिळतो, तसेच ग्लुटाथायोन व तेलातील टोकोफेरॉले (ई जीवनसत्त्व) मूलकांचा बंदोबस्त करतात. परंतु सर्वांत निर्णायक ठरतो तो बियांतील ओलावा. बी जितके कोरडे तितके सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. बार्लीवरील प्रयोगांत ३-४ टक्के ओलाव्याचे बी १३-१४ टक्के ओलाव्याच्या बियांपेक्षा कितीतरी अधिक हानी सोसते, असे आढळले. अतिशुष्क बियांत मूलके जागीच अडकून आठवडेच्या आठवडे टिकतात व बी ऑक्सिजनयुक्त पाण्यात भिजताच त्यांची ऑक्सिजनाशी विक्रिया होते. थोडा ओलावा असला, तर ती हलू शकतात व परस्परांत किंवा गंधकयुक्त रेणूंशी विक्रिया होऊन निकामी होतात. प्रमाणित कडधान्य बियाण्यात साधारणपणे ९ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो; साठवणीसाठी ते योग्यच आहे. प्रारण देण्यापूर्वी मात्र तेच बी ६० टक्के ग्लिसरीनमिश्रित पाण्यावर बंद काचपात्रात ठेवून त्याचा ओलावा १२-१४ टक्क्यांवर आणतात. याकडे दुर्लक्ष केल्यास एकाच मात्रेचे परिणाम एका खेपेहून दुसऱ्या खेपेस पार वेगळे येतात.

सस्तन प्राण्यांचे भ्रूण : येथे सुप्तावस्थेचा आधार नसतो, कोशिका झपाट्याने विभागत असतात. पक्व अंडकोशिकेत ग्लुटाथायोनाचा मोठा साठा असतो, पण फलनानंतर तो घटत जातो व गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास भ्रूणाजवळ त्याचा अल्प अंशच उरतो. क्ष-किरणांना वार (अपरा) अडवीत नाही. तरीही भ्रूण पूर्णपणे निराधार नसतो. पी-५३ या प्रथिनामुळे ज्या कोशिकांची हानी दुरुस्तीपलीकडे गेली आहे त्या स्वतःच नष्ट होतात व निरोगी कोशिका त्यांची जागा घेतात. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या भ्रूणांना प्रारण दिले असता जन्मजात व्यंगे जास्त व गर्भमृत्यू कमी आढळले (१९९६). हे प्रथिन असलेल्या भ्रूणांत याच्या उलट घडले. म्हणजे येथील संरक्षणाची किंमत काही भ्रूणांच्या प्राणांनी चुकती होते. मेंदूची जडणघडण होत असताना, विशेषतः गर्भधारणेच्या ८ ते १५ आठवड्यांच्या काळात, ही व्यवस्था अपुरी पडते, हे हिरोशिमा व नागासाकी येथे गर्भावस्थेत प्रारण सोसलेल्या मुलांच्या मंदबुद्धित्वावरून स्पष्ट झाले.

आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाच्या मते १०० मिलिग्रेपेक्षा कमी मात्रा हे गर्भपाताचे कारण ठरू शकत नाही. मातेच्या छातीच्या एका क्ष-किरण चित्रणात भ्रूणाला ०·०१ मिलिग्रेपेक्षाही कमी मात्रा मिळते. गर्भ असल्याचे कळण्यापूर्वी असे चित्रण झाले, एवढ्यावरून अनेक स्त्रिया घाबरून जातात. त्या भीतीला आधार नाही. याचा अर्थ विनाकारण चित्रण करावे, असा नव्हे. ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये केलेल्या पाहणीत गर्भावस्थेत क्ष-किरण चित्रण झालेल्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण किंचित अधिक आढळले होते.

वैद्यकीय उपयोग : कर्करोगावर प्रारण-उपचार करताना निरोगी ऊतक वाचवून अर्बुद (गाठ) नष्ट करायची असते, पण अर्बुदाच्या कोशिकांतही ग्लुटाथायोन असतेच, कधीकधी तर निरोगी कोशिकांपेक्षा अधिक. अमेरिकेतील वॉल्टर रीड संस्थेत हजारो गंधकयुक्त संयुगांच्या चाचणीतून निवडलेले ॲमिफोस्टीन हे औषध ही अडचण काही प्रमाणात टाळते : त्याला क्रियाशील करणारे अल्कलाइन फॉस्फटेज हे एंझाइम निरोगी ऊतकांत जास्त असते. डोके व मानेच्या कर्करोगात लाळग्रंथी वाचविण्यासाठी त्यास तेथे १९९९ साली मान्यता मिळाली. उलट्या व रक्तदाब घटणे हे त्याचे दोष आहेत. अस्थिमज्जेला चालना देणारे जी-सीएसएफ हे प्रथिन शरीरातच तयार होते. प्रारणानंतर दिले तरी ते उपयोगी पडते, कारण ते मूलके रोखीत नाही, तर उरलेल्या कोशिकांची संख्या वाढविते; तीव्र प्रारणबाधेसाठी अमेरिकेत २०१५ साली ते मान्य झाले.

ऑक्सिडीकरणरोधक गोळ्यांची सरसकट शिफारस मात्र करता येत नाही. डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर कॅनडात झालेल्या एका चाचणीत (२००५) प्रारण-उपचाराच्या काळात ई जीवनसत्त्व व बीटा कॅरोटीन मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांना उपचाराचा त्रास कमी झाला, पण त्यांच्यात त्याच जागी रोग पुन्हा उद्‌भवण्याचा कल अधिक दिसला.