मुस्लिम विवाहविच्छेद : तलाक, खुला, फस्ख

पाया
इस्लामी विधीत निकाह हा करार आहे. त्यात पतीने पत्नीला मेहर, म्हणजे ठरलेली रक्कम किंवा मालमत्ता, देणे बंधनकारक असते. करार मोडण्याची सोयही मुळातच आहे. मात्र पुढाकार कोणाचा, यावर मार्ग बदलतो आणि बहुधा मेहरचे भवितव्यही.

तलाक
हा पतीचा अधिकार. ‘अहसन’ पद्धतीत एकदाच उच्चार होतो आणि इद्दत, म्हणजे साधारण तीन मासिक पाळ्यांचा काळ, संपेपर्यंत तो मागे घेता येतो. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक-ए-बिद्दत नेमकी हीच फेरविचाराची मुदत नाहीशी करी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तो रद्द ठरवला; २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. इतर प्रकारांचा तलाक आजही वैध आहे, हे चर्चेत अनेकदा निसटते.

खुला आणि मुबारत
खुल्यात पत्नी विच्छेद मागते आणि सहसा मेहर सोडते किंवा परत करते. हनफी या विधिपंथाच्या परंपरागत मतानुसार त्याला पतीची संमती लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मात्र पत्नीचा हक्क संमतीवर अवलंबून नसल्याचे म्हटले. दोघांनाही वेगळे व्हायचे असल्यास मुबारत.

फस्ख
न्यायाधीशाने केलेला विच्छेद. हनफी मतात पत्नीला यासाठी जवळजवळ आधार नव्हता. धर्मत्यागाने निकाह आपोआप संपतो असे मानले जाई, म्हणून ब्रिटिश काळात काही स्त्रिया सुटकेसाठी धर्मच सोडू लागल्या. देवबंदी विद्वान अशरफ अली थानवी यांनी तोडगा म्हणून मालिकी या दुसऱ्या विधिपंथातील उदार नियम उसने घेतले. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यामागे हाच विचार आहे : चार वर्षे पती बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, सात वर्षांची कैद, क्रूरता अशी कारणे त्यात आली. त्याच वेळी केवळ धर्मत्यागाने विवाह संपणार नाही, असेही ठरले. या मार्गात मेहरवरचा हक्क शाबूत राहतो. पण कारण सिद्ध करण्याचा भार पत्नीवर असतो.

पोटगी
घटस्फोटित पत्नीला इद्दतीनंतरही पोटगी मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या शाहबानो निकालानंतर (१९८५) आलेला १९८६ चा कायदा पतीची जबाबदारी इद्दतीपुरती मर्यादित करतो, असे वाटले. त्याच न्यायालयाच्या २००१ च्या दानियल लतीफी निकालाने या कायद्याचा अर्थ उलगडला : पतीने तरतूद इद्दतीच्या आत करायची, परंतु ती पुढील आयुष्याला पुरेशी हवी.

गोव्याचा अपवाद
मुस्लिमांच्या विवाहादी बाबींना इस्लामी विधी लागू करणारा १९३७ चा शरियत कायदा गोव्याला लागू नाही. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार तेथील मुस्लिम जोडप्याला घटस्फोटासाठी न्यायालयातच जावे लागते.